ज्याला मी नीलोत्पल म्हणालो

आमच्या देवघरात एक फूल दीड वर्ष वाहिले गेले आणि त्याचे नाव मी चुकीचे सांगत होतो. आयुष्यभर मुलांना शब्द शिकवलेल्या माणसाला हे लिहिणे जड जाते. तरी लिहिले पाहिजे, कारण पुढे जे घडले त्याचा आरंभ त्या नावातच आहे.

मी संस्कृतचा शिक्षक होतो. गौलीगुडा या शहरातल्या जुन्या वस्तीतील एका शाळेत सेवा झाली, राहणेही तिथेच. निवृत्तीनंतर मुलाने शहराच्या कडेला, एका तळ्याच्या काठी घर बांधले आणि आम्ही दोघे त्याच्याकडे आलो. तळ्याला इकडे चेरूवू म्हणतात. गच्चीवरून पाहिले की निम्मे आकाश त्या पाण्यात उतरलेले दिसे. प्रातःसंध्येला जलाशय मिळावा, ही माझी जुनी इच्छा अशी उतारवयात पूर्ण झाली. बांधाच्या एका टोकाला ग्रामदेवतेचे लहानसे देऊळ होते आणि त्याच्यासमोर सहा दगडी पायऱ्या. तिसऱ्या पायरीवर उभे राहिले की पाणी घोट्यापर्यंत येई. आचमनाचे पाणी मात्र मी घरून तांब्यात नेत असे. तळ्याविषयी माझी श्रद्धा होती, पण डॉक्टरांची नव्हती.

त्याच पायऱ्यांवर अन्नांची आणि माझी ओळख झाली. अन्ना म्हणजे तेलुगूत थोरला भाऊ. वयाने ते माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहानच असतील, पण मी त्यांना अन्ना म्हणत असे आणि ते मला ‘पंतुलुगारू’, म्हणजे गुरुजी, म्हणत. जातीने कोळी, वडील, आजोबा याच पाण्यावर जगलेले. थर्मोकोलचे जाड तुकडे गोणपाटात शिवून केलेल्या तराफ्यावर मांडी घालून बसत आणि हाताएवढ्या फळीने वल्हवत. बोलणे अर्धे तेलुगू, अर्धे दखनी; तेलुगूचे मी इथे मराठी केले आहे. त्यांच्या तोंडी ‘नक्को’ आले की मला आपले घरचे कोणी भेटल्यासारखे वाटे.

आमच्यात न ठरवता एक रीत पडली होती. मी पाण्यात उभा असेपर्यंत अन्ना जाळे टाकीत नसत. तराफा जरा दूर धरून, जाळे खांद्यावर घेऊन थांबत. तिसरे अर्घ्य सोडून मी तळ्याकडे पाठ फिरवली की मागे जाळे पडल्याचा आवाज येई, मूठभर खडे एकदम पाण्यात टाकावेत तसा. मी मागे वळून पाहत नसे. त्यांनी माझ्या अर्घ्याचा मान ठेवायचा, मी त्यांच्या जाळ्याकडे पाहायचे नाही. एकदा मी म्हणालो, “अन्ना, माझ्यामुळे तुमचा रोज खोळंबा होतो.” ते हसून म्हणाले, “होने देव, पंतुलुगारू. मछल्यां भी सुनते तुम्हारा मंत्र. उनको भी मोक्ष मिलना नै क्या?”

आता त्या फुलाविषयी.

आबिड्सला चष्म्याच्या कामासाठी गेलो होतो. पदपथावर एक बाई कुंड्या विकत होती आणि तिच्या घमेल्यात, पाण्यावर, एक रोप तरंगत होते. गोलसर, चकचकीत, जाड पाने, देठ फुगीर, आणि मधोमध फिकट जांभळ्या फुलांचा तुरा. प्रत्येक फुलाच्या वरच्या पाकळीवर निळ्या वलयात पिवळा ठिपका. थेट मोरपिसाचा डोळा. आमचे कुलदैवत बाळकृष्ण. मी तिथेच हात जोडले. बाईला नाव विचारले, ती म्हणाली, “पानीवाला फूल.” रोप पिशवीत घालून घरी आणले.

“हे काय आणलंत?” पत्नीने विचारले.

“नीलोत्पल,” मी म्हणालो.

आज मनाला विचारतो, हे मी कशावरून म्हणालो? कोशात नीलोत्पल शब्द आहे, तो पाण्यात उगवतो आणि निळा असतो, एवढ्यावरून. शब्द हाताशी होता आणि वस्तू समोर होती. मी दोघांचे लग्न लावून दिले. गोत्र विचारले नाही.

अंगणातल्या दगडी डोणीत ते रोप सोडले. महिन्याभरात एकाची सात झाली, पावसाळा संपेतो डोणीत पाणी दिसेना. रोज सकाळी एक तुरा बाळकृष्णाला मिळे. आमच्या घरी निर्माल्य केरात टाकत नाहीत. पायदळी येऊ देत नाहीत. ते एका वेताच्या टोपलीत जमवायचे आणि एकादशीला तळ्यात सोडायचे, हा माझा नेम. पाने, तुळस, सुकलेले तुरे. डोणी फारच दाटली तेव्हा पत्नी म्हणाली, “निम्मी काढून टाका हो, डास होतील.” मी काढली. पण ज्या रोपाने देवाला फूल दिले, त्याला उकिरडा कसा दाखवायचा? निर्माल्याबरोबर तीही टोपलीत ठेवली आणि पायऱ्यांवरून, नमस्कार करून, पाण्यात सोडली. एका एकादशीला एक टोपली, पुढच्या एकादशीला दुसरी. ती रोपे वाऱ्याबरोबर संथपणे आत गेली. मला ते दृश्य इतके प्रसन्न वाटले की मी पायरीवर बसून बराच वेळ पाहत राहिलो.

दूर तराफ्यावर अन्ना होते. त्यांनी हात हलवला. मीही हलवला.

दुसऱ्या वर्षी भाद्रपदात अन्ना आणि त्यांच्या वस्तीतल्या लोकांनी तळ्यात मत्स्यबीज सोडले. करंगळीएवढी रोहू आणि कटल्याची पिले, प्लास्टिकच्या पिशव्यांतून, देवीला नारळ फोडून. वैशाखाच्या आसपास सगळे मिळून मोठे जाळे ओढतात, तोवर ती हातभर होतात. त्या सकाळी अन्ना मला म्हणाले की पोरे मागे लागली आहेत, तळे सोडा, कुठे तरी बसायचे काम धरा. “मी म्हटलं, या वर्षीचे मासे बघू. हे वाढले, तर मी इथंच. नाही वाढले, तर तुमचं ऐकतो.” हे सांगताना ते हसत होते, पण हात पिशवीतल्या पिलांवरून फिरत होता, आपण तान्ह्या मुलाच्या डोक्यावरून फिरवतो तसा.

कार्तिकात तळ्याच्या पलीकडच्या काठाला हिरवी कड दिसू लागली. मार्गशीर्षात ती मध्यापर्यंत आली. एके दिवशी अन्ना तराफा ओढत पायऱ्यांशी आले आणि एक रोप मुळासकट उचलून मला दाखवले. खाली हातभर काळी, केसाळ मुळे. त्यांतून पाणी गळत होते. वर जांभळा तुरा.

“ये क्या है मालूम, पंतुलुगारू? गुर्रपु डेक्का.”

म्हणजे घोड्याचा खूर. पानाचा आकार तसाच होता. मी इतके दिवस फुलाकडेच पाहत होतो.

“एक बार घुस्या तो चेरूवू खतम,” ते म्हणाले. “जाळं टाकता येत नाही, मुळांत अडकतं. खाली उजेड जात नाही, हवा जात नाही. मासा गुदमरतो. कौन डाल्या की, उसका हात...” आणि त्यांनी देवळाकडे पाहून वाक्य गिळले.

तांब्या हातात होता. तो डाव्या हातातून उजव्या हातात घेतला, एवढेच आठवते.

घरी आलो. सूनबाई पुण्याची, संगणकाच्या कंपनीत आहे. ती डोणीपाशी कॉफी घेत उभी होती. मी तिला विचारले, “याला तुमच्याकडे काय म्हणतात?”

“जलपर्णी ना ही, बाबा? आमच्याकडे नदीत असते. दर वर्षी बोंबाबोंब.” मग माझ्याकडे पाहून तिने कप खाली ठेवला. “मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.”

ही वनस्पती समुद्रापलीकडच्या देशांतून शोभेसाठी आणलेली, हे मग तिनेच वाचून सांगितले. तिला जुने संस्कृत नाव असणे शक्यच नव्हते. आणि ‘जलपर्णी’ हा शब्दही किती गोजिरा. कोणी मुलीचे नाव ठेवावे असा. ज्यांना त्या पाण्यावर पोट भरायचे होते, त्यांनी तिला घोड्याचा खूर म्हटले. नाव ठेवण्याचा अधिकार त्यांचा होता.

डोणी त्याच दिवशी रिकामी केली. रोपे गच्चीवर उन्हात पसरली. पत्नी म्हणाली, “आता अन्नांना सांगून टाका.”

“सांगेन.”

“कधी? तळं मिटल्यावर?”

मी दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. दुसऱ्या दिवशी अन्ना वस्तीतल्या चौघांसह कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून रोपे उपटत होते. मी धोतराचा काचा मारला आणि पायरीवरून हाताला येतील ती ओढू लागलो. एकेक रोप दिसते त्याहून कितीतरी जड असते. मुळांत गोगलगायी, चिखल, कधी जिवंत मासोळी. तासाभरात कंबर धरली. अन्ना बाकीच्यांना ओरडून म्हणाले, “देखो रे! हमारे मछल्यां के वास्ते पंतुलुगारू इस उम्र में कीचड़ में उतरे. पुण्यात्मा!” त्या शब्दानंतर सांगण्याचे धैर्य उरले नाही. रोज जात राहिलो, रोज उपटत राहिलो आणि रोज पुण्यात्मा म्हणवून घेत राहिलो. त्याला मी मनात प्रायश्चित्त म्हणत होतो. आता कळते, हे दुसरे चुकीचे नाव होते. पाप कबूल केल्यावाचून प्रायश्चित्त होत नाही, हे मी स्वतः मुलांना शिकवले आहे.

उपटलेल्यापेक्षा उगवलेले अधिक असे. तुटलेला तुकडा राहिला, तरी आठवड्यात त्याला पाने फुटत. मी अर्ज लिहिला, स्वच्छ अक्षरात, तीन पानी, आणि एका कचेरीत घेऊन गेलो. तिथल्या लिपिकाने तो आदराने वाचला. माणूस सज्जन होता. त्याने मला खुर्ची दिली.

“पंडितजी, पाण्यावर तरंगतं ते आमच्याकडे,” तो म्हणाला. “पाण्यात पोहतं ते दुसऱ्या खात्याकडे. आणि पाणी तिसऱ्यांचं.”

“आणि गुदमरतं ते?” मी विचारले.

त्याने पाणी मागवले. माझ्यासाठी.

माघात एक यंत्र आले, होडीसारखे, पुढे सरकता पट्टा असलेले. तीन दिवस फिरले. रस्त्यावरून दिसणारी बाजू मोकळी झाली, फोटो निघाले, यंत्र गेले. काढलेल्या रोपांचा ढीग काठावरच राहिला. फाल्गुनात अवकाळी सर आली आणि तो ढीग, आमच्या देखत, घसरत पुन्हा पाण्यात गेला. अन्ना बांधावर माझ्या शेजारी बसले होते. “मायके आई थी,” ते म्हणाले, “वापस ससुराल जा री.” आम्ही दोघेही हसलो. त्या हसण्याचा मला पुढे अनेक दिवस त्रास झाला.

आमच्या वसाहतीतल्या लोकांनी औषध फवारण्याची सूचना केली. डासांनी ते त्रासले होते. अन्नांनी एका शब्दात नाकारली, “नक्को.” फवारलेले एकदम मरते, मरून खाली बसते, कुजते, आणि कुजताना उरलीसुरली हवा खाऊन टाकते. “जिंदा रख्या तो धीरे मारता, मार्‍या तो एकदम मारता.” फवारणी तेवढी टळली.

शेवटी अन्नांनी एकच गोष्ट केली. पायऱ्यांसमोर बांबू आणि दोर बांधून, साधारण आमच्या अंगणाएवढे पाणी मोकळे राखले. त्याला ते खिडकी म्हणत. “पूरा घर बंद है, एक खिडकी तो रखना.” ती खिडकी उघडी ठेवण्याचे काम मी मागून घेतले. सकाळी जाऊन आधी बांबूच्या आत शिरलेली रोपे काढायची, मग संध्या. सूर्याचे बिंब दिसेल एवढे पाणी आता त्या तळ्यात तेवढेच होते.

वैशाखात मोठे जाळे ओढायचे ठरले, पण त्या रोपांतून ते ओढणार कसे? दिवस पुढे गेला. मग चार दिवस आभाळ भरून आले. ऊन नाही, वारा नाही, पाऊसही नाही. पाचव्या दिवशी पहाट उलटल्यावर मी पायऱ्यांवर गेलो, तर खिडकीत काढण्यासारखे एकही रोप नव्हते. पाणी मात्र हलत होते. मी तिसऱ्या पायरीवर उभा राहिलो, आचमन केले, प्राणायाम केला, पहिले अर्घ्य दिले. डोळे उघडले तेव्हा दिसले. माझ्या पायांभोवती मासे होते. शेकडो. सगळ्यांची तोंडे पाण्याबाहेर, उघडी, मिटती, उघडी. पुटपुटत असल्यासारखी. कोणी माझ्या घोट्याला घासून गेले आणि त्याला तेथून दूर होण्याचेही त्राण नव्हते. सगळ्या तळ्यातले मासे त्या अंगणाएवढ्या पाण्यात श्वास घ्यायला आले होते.

दुसरे अर्घ्य मी कसे दिले, सांगता येणार नाही.

बांबूच्या कडेला अन्ना तराफ्यावर उभे होते. जाळे खांद्यावर. ते थांबले होते, रोज थांबत तसे. माझे होईपर्यंत.

ओंजळीत तिसऱ्या अर्घ्याचे पाणी होते. मी म्हणालो, “अन्ना, हे रोप मी सोडलं. दोन टोपल्या. देवाचं निर्माल्य म्हणून सोडलं. मला ठाऊक नव्हतं, पण सोडलं मीच.”

अन्नांनी माझ्याकडे पाहिले. मग माशांकडे पाहिले.

“बाद में, पंतुलुगारू,” ते म्हणाले. “पाप-वाप सब बाद में. जल्दी खतम करो. मर रैं.”

मेलेला मासा बाजारात जात नाही; जिवंत काढला तरच त्या घरांना काही मिळणार होते. इतके महिने मनात घडवलेले माझे वाक्य, आणि त्याला द्यायला त्यांच्यापाशी क्षणही नव्हता. मुंजीनंतर मी संध्येत कधी खंड पडू दिलेला नाही. त्या दिवशी मी मंत्राविना ओंजळ सोडली, पाण्याबाहेर आलो आणि म्हणालो, “टाका.” जन्मभर मांसाहाराला न शिवलेल्या तोंडून तो शब्द निघाला. मी पाठ फिरवली. पण या वेळी खडे पडल्यासारखा आवाज आला नाही. जाळे पाण्यावर पडलेच नाही, माशांवर पडले.

सूर्य वर येईतो ते आणि वस्तीतले लोक काढत राहिले. मासे वीतभरच होते, उजेडाविना खुरटलेले. काही हातात मरत होते. जे खिडकीपर्यंत पोहोचू शकले नाहीत, ते पुढचे कित्येक दिवस पानांखालून एकेक करून वर येत राहिले. वाऱ्याची दिशा बदलली की आम्ही देवघराची खिडकी लावून घेत असू.

अन्नांनी पोरांचे ऐकले. बांधाजवळच्या नव्या इमारतीच्या फाटकावर ते आता निळा गणवेश घालून बसतात. “कुर्सी है,” ते म्हणतात, “पंखा है.” मी एकदा धीर करून त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, “अन्ना, त्या दिवशी मी काही सांगितलं होतं.”

“हौ. सुन्या मैं.”

“मग?”

त्यांनी येणाऱ्या मोटारीसाठी फाटक उघडले, लावले आणि परत येऊन बसले. “नाल्यातून पण येतं ते. वरच्या तळ्यातून पण. दो टोपली से इतना होता की नै होता, कौन बोल सकता.” आणि स्वतःशीच म्हणाले, “होता भी.”

मी वाट पाहिली. मग त्यांनी विचारले, “पानी दिखता क्या, उधर?”

“थोडं,” मी म्हणालो.

हे खरे होते. त्या खिडकीतली रोपे मी अजून काढतो, होतील तेवढी. गच्चीवर वाळवलेली आमची रोपे सूनबाईने जाळून टाकली. निर्माल्य आता ती कुंडीत पुरते आणि मी त्यावर काही बोलत नाही. वेताची रिकामी टोपली खुंटीला आहे. या रोपांचे बी तळाच्या चिखलात कित्येक वर्षे जिवंत पडून राहते, हेही तिने वाचून सांगितले आहे. माझ्या हिशेबी ते माझ्या पश्चातही उगवेल.

सकाळी तिसऱ्या पायरीवर उभा राहतो. तिसरे अर्घ्य मंत्रासह सोडतो. त्या दिवशीचे राहिलेले त्यात धरले जाते की नाही, हे मला कोणी सांगितलेले नाही. मग तळ्याकडे पाठ फिरवतो आणि थोडा वेळ तसाच उभा राहतो, कोणाला जाळे टाकायचे असेल तर टाकता यावे म्हणून.